मंगोलियन तैलचित्र बघायला उभं राहिलात तर

तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मुलांना म्हणायचो, माणसाचं चित्र असेल तर आधी डोळे बघा. निवृत्तीनंतर मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरला गेलो आणि तिथल्या आजच्या तैलचित्रांसमोर हीच सवय मला नडली. चेहरे सुरेख होते, पण चित्र काही केल्या उलगडेना.

तेव्हा तुम्ही चेहरा जरा बाजूला ठेवा, आधी क्षितिज शोधा. ते कॅनव्हासच्या अगदी वरच्या कडेला असेल, किंवा नसेलच, तर चित्रकार घारीसारखा वरून बघतोय असं समजा. हे वळण जुनं आहे. तिथल्या झानाबाझार कलासंग्रहालयात चित्रकार 'मार्झान' शारव यांचं 'मंगोलियातला एक दिवस' आहे, साधारण 1910 च्या दशकातलं. शेकडो माणसं, घोडे, तंबू, भांडणं, लग्नं, सगळं एकाच पटावर मांडलेलं. मार्झान म्हणजे थट्टेखोर, आणि ते नाव किती खरं आहे हे चित्रापुढे पाच मिनिटं थांबलात की कळतं. मी पाऊण तास थांबलो.

मग जवळ जाऊन रंग बघा. आपल्या मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत तैलरंग विलायतेहून आले, तिकडे समाजवादी काळात ते रशियातून आले. तिकडचे चित्रकार न्याम-ओसोर चुल्तेम मॉस्कोला शिकले. उजेड-सावलीतून उभा केलेला गोल गाल दिसला की तो रशियन हात. ठळक रेघ आणि आत सपाट रंग दिसला की 'मंगोल झुराग', बौद्ध पटचित्रांतून आलेली शैली. आजचे काही चित्रकार दोन्ही एकाच अंगावर वापरतात, गाल गोल आणि अंगरखा सपाट. मला ते आधी कच्चेपण वाटलं होतं. विद्यार्थ्याच्या वहीत असतं तर मी लाल पेन्सिल चालवली असती!

आता कपडे. त्या लांब अंगरख्याला देल म्हणतात, तो उजव्या खांद्याशी बंद होतो. कंबरेकडे जरूर बघा. लग्न झालेली बाई परंपरेने पट्टा बांधत नसे, म्हणूनच बाईला 'बुसगुई', म्हणजे बिनपट्ट्याची, हा शब्द आहे. आज बायका सर्रास पट्टा बांधतात, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे पसरलेले केस मात्र जुन्या काळच्या खाल्खा, म्हणजे मंगोलांतल्या सर्वांत मोठ्या गटातल्या, विवाहितेचे. मी ती कल्पनेतली परी समजलो होतो.

निळं कापड हातात दिसलं तर ते खादग, मान देण्यासाठी.

सगळ्यात शेवटी कोपऱ्यातली सही. ती रशियन अक्षरांत असेल, नाहीतर जुन्या मंगोल लिपीत. जुन्या लिपीत असली तर मान वाकडी करू नका, ती वरून खालीच वाचतात.