दिव्यांग मतदारांनी महापालिका, नगरपालिका, झेडपीच्या मतदानाची तयारी कशी करावी

महापालिकेच्या मतदानाला मी मावशीचा सोबती म्हणून गेलो होतो. मावशीला दिसत नाही. लोकसभा-विधानसभेला ती एक बटण दाबते, बझर वाजतो, काम झालं. इथे तिने बटण दाबलं आणि बझर वाजलाच नाही. "दाबलं गेलं नाही का रे?" तिचं बोट तिथेच थांबलं होतं. यंत्र ठीक होतं. प्रभागात चार जागा होत्या आणि तिचं एकच मत देऊन झालं होतं. घरून निघताना मी तिला हे सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नव्हतं.

फूटपाथ, दवाखान्याचा उतार, बसथांब्याची उंची हे सगळं स्थानिक संस्था ठरवतात. महाराष्ट्रात त्यांनी ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे जातो, याचा जाब नगरसेवकालाच विचारता येतो. त्यामुळे हे मत सोडू नका. तयारी मात्र महिनाभर आधी सुरू करा.

पहिलं काम: यादी

स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो वेगळी मतदार नोंदणी करत नाही. ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन तीच प्रभागांत विभागली जाते. म्हणजे नाव आधी विधानसभेच्या यादीत असलं पाहिजे. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्तीसाठी नमुना ८ भरा. नमुना ८ मध्येच दिव्यांगत्वाची नोंद करता येते. ती आवर्जून करा, कारण कुठल्या भागात किती दिव्यांग मतदार आहेत हे यंत्रणेला त्यावरूनच कळतं. ऑनलाइन जमत नसेल तर भागातल्या बीएलओंना (यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना) गाठा, किंवा १९५० या मदत क्रमांकावर फोन करा.

प्रभागाची प्रारूप यादी लागली की लगेच नाव बघा. चुकून शेजारच्या प्रभागात गेलेलं नाव हरकत घेऊन दुरुस्त होतं, पण मुदत थोड्याच दिवसांची असते. विधानसभेला ज्या शाळेत गेलात तीच शाळा याही वेळी असेल, असं धरून चालू नका. आपलं मतदान केंद्र राज्य निवडणूक आयोगाच्या 'मताधिकार' ॲपवर शोधा आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी घरच्या कुणालातरी तिथे पाठवा. खोली तळमजल्यावर आहे का, रॅम्पला कठडा आहे का, फाटकापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, हे प्रत्यक्ष बघूनच कळतं. मी एका ठिकाणी रॅम्प पाहिला होता, चांगला सिमेंटचा. पण त्याच्या तोंडाशीच गटाराची वीतभर उंच कड होती. एकट्याने चाक वर चढवणं अशक्य. अशी अडचण आदल्या दिवशी कळली तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला सांगून फळी टाकून घेता येते. मतदानाच्या सकाळी ती धावपळ कोण करणार?

पालकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. मूल बौद्धिक दिव्यांग आहे म्हणून अनेक घरांत अठरा वर्षं झाली तरी नाव नोंदवतच नाहीत. हे चूक आहे. सक्षम न्यायालयाने विकल मनाची ठरवलेली व्यक्तीच मतदार यादीतून वगळली जाते. डॉक्टरांच्या दाखल्याने कुणाचं मत जात नाही.

लोकसभा-विधानसभेला ४० टक्क्यांहून कमी नसलेलं दिव्यांगत्व असेल तर नमुना १२-डी भरून घरून मतदान करता येतं. महापालिका किंवा झेडपीला त्या भरवशावर राहू नका, केंद्रावर जायचं असंच धरून तयारी करा.

सोबती कोण?

चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल तर सोबत्याला आत नेता येतं. तो १८ वर्षांवरचा हवा, आणि मत गुप्त ठेवीन असं प्रतिज्ञापत्र त्याने द्यायचं असतं. एक माणूस एका दिवशी एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. हे फार जणांना माहीत नसतं. नवरा-बायको दोघेही दृष्टिहीन असतील तर दोन वेगळे सोबती लागतील. ऐनवेळी पुढे येणाऱ्या कार्यकर्त्याला सोबती करू नका. केंद्रावरचे कर्मचारी आपणहून तुमच्यासाठी बटण दाबायला लागले तर नम्रपणे थांबवा. बटण स्वतः दाबता येत असेल तर स्वतःच दाबा, सोबत्याने फक्त जागा दाखवावी.

किती मतं द्यायची?

मुंबईत एक. इतर महापालिकांत बहुतेक प्रभागांत चार, काही ठिकाणी तीन किंवा पाच. नगरपरिषदेत साधारण तीन, म्हणजे दोन नगरसेवक आणि एक नगराध्यक्ष. नगरपंचायतीत दोन. झेडपीला गटाचं (झेडपीच्या मतदारसंघाचं) एक आणि पंचायत समितीच्या गणाचं (तिच्या मतदारसंघाचं) एक.

जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात आणि मतपत्रिकांचे रंग वेगळे असतात. दृष्टिहीन माणसाला रंगाचा उपयोग नाही, म्हणून घरीच पाठ करा: "अ मध्ये तिसरा, ब मध्ये पहिला..." उमेदवार थोडे असतील तर दोन जागांच्या मतपत्रिका एकाच यंत्रावर येऊ शकतात. तेव्हा यंत्रावरचं सातवं बटण ब मधला पहिला उमेदवार असू शकतो. म्हणून नुसती बटणं मोजू नका. बटणांशेजारी ब्रेल आकडे लागतात का ते चाचपा, आणि कुठली जागा कुठून सुरू होते हे सोबत्याकडून आधी समजून घ्या. प्रत्येक जागेच्या शेवटी 'नोटा', म्हणजे 'यापैकी कुणीही नाही' हे बटण असतं. एखाद्या जागेचा उमेदवार पसंत नसेल तर तिथे नोटा दाबा, पण जागा रिकामी सोडून निघू नका. सगळी मतं झाली की बझर वाजतो. ऐकू येत नसेल तर दाबलेल्या बटणाशेजारचा लाल दिवा बघा.

केंद्रावर

वेळ साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच. व्हीलचेअरवाल्यांनी सकाळी लवकर किंवा दुपारी जावं. रांगेत उभं राहायचं नाही. दिव्यांगांना, ज्येष्ठांना, गर्भवतींना प्राधान्याने आत सोडायचं असतं. दारावरच्या पोलिसाला किंवा कर्मचाऱ्याला सरळ सांगा, संकोच करू नका. मतदार ओळखपत्र नसेल तर आधार किंवा फोटो असलेला अपंगत्वाचा दाखला चालतो. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे फोनच्या आवाजावर किंवा फोनवर लिहून दाखवण्यावर विसंबू नका. कर्णबधिर मतदारांनी खिशात चिठ्ठी ठेवावी: "मला ऐकू येत नाही, कृपया लिहून सांगा." शाई डाव्या तर्जनीला लावतात. ते बोट नसेल तर त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला, डाव्या हाताला बोटंच नसतील तर उजव्या हाताच्या बोटाला, आणि दोन्ही हातांना बोटं नसतील तर हाताच्या उरलेल्या टोकाला लावता येते. एका तरुणाला "बोटच नाही, मग कसं?" असं विचारत दहा मिनिटं ताटकळत ठेवलेलं मी पाहिलं आहे. म्हणून हे माहीत असू द्या.

सोय नसेल तर

आधी केंद्राध्यक्षांना सांगा, मग लगेच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना फोन करा. तो नंबर आदल्या दिवशीच कागदावर लिहून सोबत्याजवळ द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ११ प्रमाणे प्रत्येक मतदान केंद्र सुगम असणं ही राज्य निवडणूक आयोगाचीही जबाबदारी आहे, आणि अर्जात हे कलम लिहा. मतदानानंतर पुण्यातल्या दिव्यांग आयुक्तांकडेही लेखी तक्रार करता येते. केंद्राचं नाव, खोली क्रमांक, वेळ आणि केंद्राबाहेरून काढलेला पायऱ्यांचा फोटो जोडा. पोचपावती घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका.