ऑडिट कमिटी नुसतीच ‘नोंद घेते’? या चुका टाळा

ऑडिट कमिटी म्हणजे कंपनीच्या हिशेबांवर आणि ऑडिटवर देखरेख करणारी संचालकांची समिती. तुमच्या कमिटीची मागच्या वर्षाची इतिवृत्तं काढा आणि ‘समितीने नोंद घेतली’ हे वाक्य किती वेळा आलंय ते मोजा. जवळपास प्रत्येक विषयापुढे तेच असेल, तर कमिटी फक्त कागदावर आहे.

पहिली चूक बैठकीआधीच होते. तीनशे पानांचा गठ्ठा आदल्या रात्री येतो, सकाळी सीएफओ (कंपनीचे वित्तप्रमुख) स्लाइड दाखवतात आणि तासाभरात मंजुरी मिळते. कागद आठवडाभर आधी आले नाहीत तर अध्यक्षांनी विषय सरळ पुढे ढकलावा. एकदा ढकलून बघा, पुढच्या वेळी कागद बरोबर वेळेवर येतात.

सगळ्यात महागात पडतं ते ऑडिटरला एकटं न भेटणं. सीएफओ शेजारी बसलेले असताना ‘काही अडचण?’ विचारलं तर उत्तर ‘नाही’ असंच येणार. व्यवस्थापनातल्या मंडळींना बाहेर पाठवा आणि नेमकं विचारा. कोणत्या आकड्यावरून वाद झाला? कोणता कागद मागूनही मिळाला नाही? बँक शिलकीचं पत्र थेट बँकेकडून आलं की कंपनीच्या हातून? शेवटचा प्रश्न बाळबोध वाटतो खरा. पण सत्यम या आयटी कंपनीच्या ताळेबंदातली 5,040 कोटींची रोख आणि बँक शिलक अस्तित्वातच नव्हती, हे 2009 साली उघड झालं. जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचे 1.9 अब्ज युरोही 2020 मध्ये असेच ‘खात्यात’ सापडले नाहीत. तिथे तर ऑडिट कमिटीच 2019 मध्ये नेमली गेली होती.

‘आपल्याकडे तज्ज्ञ आहेत’ यावरही विसंबू नका. 2001 मध्ये बुडालेल्या एनरॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या कमिटीचे अध्यक्ष अकाउंटिंगचे नामांकित प्राध्यापक होते. उलट हिशेबात न मुरलेला सदस्यच कधी कधी विचारतो, ‘नफा वाढला, मग रोकड का नाही वाढली?’ त्याला गप्प करू नका.

अंतर्गत ऑडिटरची, म्हणजे कंपनीचे व्यवहार आतून तपासणाऱ्या माणसाची, पगारवाढ सीएफओ ठरवत असतील, तर सीएफओंच्या खात्याबद्दल तो काय लिहिणार? त्याची नेमणूक, बदली आणि मूल्यमापन कमिटीकडे हवं. प्रवर्तकांच्या (कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्यांच्या) नातेवाइकांशी होणारे व्यवहारही सही होण्याआधी कमिटीपुढे यावेत. पैसे गेल्यावर उरतं ते फक्त मान डोलावणं.

दुसरं टोकही वाईट: काही कमिट्या स्वतःच एकेक व्हाउचर (खर्चाची पावती) तपासत बसतात. ते काम त्यांचं नाही.

आणि प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या प्रलंबित मुद्द्यांच्या यादीने करा, पुढे जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहून. एकच मुद्दा तिसऱ्यांदा ‘काम चालू आहे’ म्हणून आला, तर त्या माणसालाच बैठकीत बोलवा.