भयपटाची मालिका करताय? या चुका टाळा

चित्रपट चालला, त्याचे दोन-तीन भाग निघाले, आता मालिका काढू असं ठरलं की लेखकमंडळी भुताची वंशावळ मांडायला बसतात. जरा थांबा. आधी हक्कांचा करार वाचा.

'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' या चित्रपटातली दोन पात्रं घ्या: एफबीआयची प्रशिक्षणार्थी क्लॅरिस स्टार्लिंग आणि नरभक्षक खुनी हॅनिबल लेक्टर. क्लॅरिसचे हक्क एमजीएम या चित्रपट कंपनीकडे होते, लेक्टरचे दुसऱ्याच कंपनीकडे. त्यामुळे 'हॅनिबल' ही मालिका 2013 ते 2015 असे तीन सीझन चालली, पण तिच्यात क्लॅरिस नाही. पुढे 2021 मध्ये 'क्लॅरिस' आली, तर तिथे लेक्टरचं नावसुद्धा घ्यायची सोय नव्हती. एकाच गोष्टीतली दोन माणसं, पण एकमेकांना ओळख दाखवायची नाही!

'हॅनिबल'च्या लेखकांनी काढलेली वाट मात्र शिकण्यासारखी आहे. त्यांनी मिरियम लास आणली, क्लॅरिससारखीच एफबीआयची प्रशिक्षणार्थी. लेक्टरच्या खोलीत ती रेखाचित्रं चाळते आणि एका चित्राशी अडखळते. हाच तो खुनी, असा तिला उलगडा होतो, आणि तोवर तो मागून आलेला असतो. पायात नुसते मोजे, बूट काढून ठेवलेले. सुरा नाही, किंकाळी नाही. त्या मोज्यांनी मला जेवढं घाबरवलं तेवढं पुढच्या रक्तपातानेही नाही.

म्हणून करारात पात्र, मुखवटा, संगीत, घर हे सगळं वेगवेगळं तपासा. एमटीव्हीवरच्या 'स्क्रीम'मध्ये 2015 पासून दोन सीझन वेगळाच मुखवटा होता. चित्रपटांतला, सगळ्यांच्या ओळखीचा मुखवटा तिसऱ्या सीझनला, 2019 मध्ये आला. माझ्या मते तोवर उशीर झाला होता.

दुसरी तक्रार नेहमीची: तिसऱ्या भागापासून भीतीच वाटेनाशी होते. दर आठवड्याला एक बळी गेलाच पाहिजे असा नेम केला की हे होणारच. प्रेक्षक भुताला सरावतो. अशा वेळी बळी वाढवू नका, भीतीची जागा बदला. 'बेट्स मोटेल'चे 5 सीझन, 50 भाग. ही 'सायको'मधल्या खुनी नॉर्मनच्या तरुणपणाची गोष्ट. त्याच्या आईचं काय होणार हे 1960 च्या त्या चित्रपटामुळे सगळ्यांना आधीच ठाऊक, तरी मालिका धरून ठेवते. कारण भीती मोटेलात नाही, आई-मुलाच्या रोजच्या बोलण्यात आहे. आई लाडाने काहीतरी बोलते आणि आपल्याच पोटात गोळा येतो.

गाजलेला प्रसंग जसाच्या तसा पुन्हा चित्रित करायचा मोह तर सगळ्यांनाच होतो. 'सायको'मध्ये मॅरियनचा शॉवरखाली खून होतो; याच मालिकेत ती शॉवरखाली जाते, आपण श्वास रोखतो, आणि ती धडधाकट बाहेर येते. शॉवरखाली मरतो तो तिचा प्रियकर सॅम. असा प्रसंग घ्यायचाच असेल तर प्रेक्षकाची खात्री मोडण्यासाठी घ्या.

कल्पना ताणली जात नसेल तर दोष बहुधा मुदतीचा असतो. 'द पर्ज'ची अख्खी कल्पना एका रात्रीची: वर्षातून एक रात्र सगळे गुन्हे माफ. पहिला सीझन त्या रात्रीत बसला; 2019 च्या दुसऱ्या सीझनने त्या रात्रीनंतरचं वर्ष उघडलं. लांबी कमी करणं हाही उपाय आहेच: 'अॅश व्हर्सेस ईव्हिल डेड' अर्ध्या तासाच्या भागांवर तीन सीझन चालली. रक्ताचे फवारे आणि विनोद एकत्र असले की तासभर दम टिकत नाही.

आणि नाव. 'फ्रायडे द थर्टीन्थ' नावाची मालिका 1987 ते 1990 चालली, 72 भाग झाले, पण त्यात चित्रपटांतला हॉकीचा मुखवटा घातलेला खुनी जेसन एकदाही नाही! शापित वस्तू विकल्या गेलेलं एक जुन्या वस्तूंचं दुकान, आणि त्या वस्तू परत मिळवायची धडपड. दुकानाची कल्पना मला आवडते, तिला वेगळं नाव दिलं असतं तरी ती चालली असती. पण हॉकीच्या मुखवट्याची वाट बघत बसलेल्याला पहिल्या भागात शापित बाहुली दाखवली, तर तो चिडणारच.