पऱ्हाटी टॉनिकने वाढली की विहिरीच्या पाण्याने?

वेचणी आटोपली की गावच्या पारावर हिशेब सुरू होतो. समजा, ज्या कास्तकारांनी पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, वाढीचे टॉनिक फवारले त्यांना एकरी आठ क्विंटल कापूस झाला आणि ज्यांनी फवारले नाही त्यांना पाच. फवारणी आणि उत्पन्न एकत्र वाढलेले दिसणे हा सहसंबंध झाला. टॉनिकमुळेच तीन क्विंटल वाढले असे म्हणणे हा कार्यकारणाचा दावा आहे आणि त्याला निराळा पुरावा लागतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली हे एकदा घडले तर कोणीही ओळखतो, परंतु तीच गोष्ट वीस वावरांत दिसली की शहाणा माणूसही फसतो.

म्हणून आधी असे विचारावे, की फवारणाऱ्यांत आणि न फवारणाऱ्यांत आणखी कोणता फरक होता. टॉनिकला पैसे मोजू शकणाऱ्याकडे बहुधा विहीर असते, जमीन भारी असते आणि खतही वेळेवर पडते. तेव्हा ओलिताच्या वावराची तुलना ओलिताच्याच वावराशी आणि कोरडवाहूची कोरडवाहूशी करावी. तसे केल्यावर तीन क्विंटलांचा फरक अर्ध्या क्विंटलावर आला, तर बाकीचे श्रेय बहुतेक विहिरीचे.

कधी दिशाच उलटी असते. 2017 च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. अशा वर्षी ज्या वावरात अळी अधिक, तिथे कीटकनाशकाच्या फवारण्याही अधिक होतात आणि कापूसही कमीच निघतो. केवळ आकडे पाहणारा मात्र फवारण्यांनीच कापूस घटवला असा निष्कर्ष काढील.

खात्री करायची असेल तर आपल्याच वावराचे सारख्या आकाराचे दहा तुकडे पाडावेत आणि चिठ्ठ्या टाकून त्यांतील पाच तुकड्यांवर टॉनिक, तर पाचांवर नुसते पाणी फवारावे. कडेच्या ओळींवर शेजारच्या तुकड्यातील फवारा उडतो, म्हणून तो कापूस हिशेबात धरू नये, आणि प्रत्येक तुकड्याचा कापूस वेगळा तोलावा. चिठ्ठी नसेल तर हात नकळत चांगल्या मातीच्या तुकड्याकडेच वळतो. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी 1920 च्या दशकात ही रीत शास्त्रशुद्ध केली. दोन-चार तुकड्यांवर भागवू नये, कारण तेवढा फरक निव्वळ मातीमुळेही पडू शकतो.

खर्ऱ्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, रोग होतो का हे तपासताना मात्र चिठ्ठ्या टाकता येत नाहीत, कारण कोणाला मुद्दाम तंबाखू खायला लावणे शक्य नाही. गंमत अशी, की डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1950 मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला, तेव्हा पुढे याच फिशर यांनी, हा नुसता सहसंबंध असू शकतो, दोहोंच्या मुळाशी आनुवंशिकता असेल, असा आक्षेप घेतला आणि ते चुकले. अशा वेळी हे पाहावे: कारण आधी आणि परिणाम नंतर आला का, जास्त सेवनाबरोबर रोग वाढतो का, सोडणाऱ्यांत तो कमी होतो का, आणि निरनिराळ्या ठिकाणच्या माणसांतही हेच दिसते का. 1965 मध्ये हिल यांनी असे निकष मांडले, आणि तंबाखूच्या बाबतीत या चारही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असेच आले आहे.