आपोआप येणाऱ्या फोनवर बीपीची नोंद कशी द्यावी

काही दवाखान्यांतून बीपीच्या रुग्णाला ठरावीक वेळी आपोआप फोन येतो, रेकॉर्ड केलेला आवाज आकडे विचारतो आणि बटणे दाबून दिलेली उत्तरे थेट रुग्णाच्या नोंदीत जमा होतात. ‘बटणेच तर दाबायची, त्यात काय अवघड?’ असे सांगणाऱ्यांनी बहुधा तो फोन स्वतः कधी घेतलेला नसतो.

नाव नोंदवतानाच मराठी भाषा आणि सोयीची वेळ मागून घ्यावी. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर सुरू असताना फोनवरचे काहीही ऐकू येत नाही, आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागात घराच्या ज्या कोपऱ्यात रेंज मिळते तेथेच वही-पेन ठेवलेले बरे.

फोन येण्याआधी बीपी मोजून झालेले असावे. त्यापूर्वी ३० मिनिटे चहा-तंबाखू नको. ५ मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि १ मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत.

खरी गोची आकडे दाबताना होते. स्मार्टफोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते, आणि कीपॅड शोधेपर्यंत वेळ संपून तोच प्रश्न पुन्हा सुरू होतो. म्हणून फोन उचलताच स्पीकर लावावा, कीपॅड उघडावा आणि फोन टेबलावर ठेवूनच बटणे दाबावीत. या कामाला साधा बटणांचा फोन केव्हाही सरस. बोलून उत्तर देण्याची सोय असली तरी मी ती वापरू देत नाही, कारण घरात टीव्ही चालू असेल तर ‘अडतीस’चे ‘अठ्ठावीस’ व्हायला वेळ लागत नाही. खालचा आकडा ८६ असेल तर नुसता ८६ दाबायचा की ०८६, आणि शेवटी हॅश (#) दाबायचे की नाही, हे दवाखान्यात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

त्यानंतर यंत्र आकडा परत ऐकवते आणि ‘बरोबर असल्यास १ दाबा’ म्हणते. येथे घाई करू नये. वहीतील आकड्यावर बोट ठेवून ऐकावे. १३८ च्या जागी १८३ गेले तर निदान दवाखान्यातून विचारणा होण्याची शक्यता असते. १८३ च्या जागी १३८ गेले तर कोणालाच काही कळत नाही. आकडा ‘गोल’ करणेही तितकेच वाईट. घरी मोजलेल्या बीपीची मर्यादा साधारणपणे १३५/८५ मानली जाते, त्यामुळे १३२ चे १४० केले की डॉक्टरांसमोर वेगळाच रुग्ण उभा राहतो. मोजले नसेल त्या दिवशी नोंद रिकामी जाऊ द्यावी, पण सुनेने किंवा नातवाने कालचाच आकडा दाबून मोकळे होऊ नये.

छातीत दुखणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणे अशा वेळी या फोनची वाट न पाहता १०८ लावावा. ओटीपी किंवा बँकेची माहिती विचारणारा फोन दवाखान्याचा नव्हे, तो तत्काळ बंद करावा.

तपासणीला जाताना वही सोबत न्यावी आणि दवाखान्यातील नोंदीशी निदान शेवटच्या आठवड्याचे आकडे डॉक्टरांसमोरच ताडून घ्यावेत.