स्पोर्ट्स कारची बॅटरी बदलताना या चुका टाळा

साताऱ्यात किंवा सांगलीत ज्यांच्या दारी स्पोर्ट्स कार आहे, त्यांची ती गाडी बहुधा रोजच्या वापरातली नसते. सुट्टीच्या सकाळी ती यवतेश्वर घाटाने कासकडे किंवा पसरणी घाटाने पाचगणीपर्यंत जाते, उरलेला आठवडा आच्छादनाखाली उभी राहते आणि पावसाळ्यात तर कित्येक आठवडे तिचे इंजिन सुरूच होत नाही. बॅटरीची निवड खरे तर या वापरावरून व्हायला हवी; पण दुकानात पहिला प्रश्न येतो तो ‘किती एएचची देऊ?’ असा (एएच म्हणजे ॲम्पिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचे माप), आणि तिथूनच चुकांना सुरुवात होते.

सर्वांत महागडी चूक म्हणजे तपासणी न करताच बॅटरी बदलणे. चावी फिरवल्यावर नुसता ‘टक-टक’ आवाज आला, तरी बॅटरी संपलीच असे ठरत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर साध्या मल्टिमीटरने व्होल्टेज मोजावे. पूर्ण चार्ज असलेली लेड-ॲसिड बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, एजीएम प्रकारची (जिच्यात आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते ती सीलबंद बॅटरी) थोडे अधिक. १२ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर ती जवळजवळ उतरलेली आहे. चार्ज केलेल्या बॅटरीचे व्होल्टेज स्टार्टर फिरत असताना ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीवर संशय घेणे योग्य आहे. ते टिकून राहत असेल आणि तरीही स्टार्टर मंद फिरत असेल, तर आधी टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा क्षार, अर्थची तार आणि खुद्द स्टार्टर तपासावा. बॅटरी डिकीत आणि इंजिन पुढे, अशी रचना असलेल्या गाड्यांमध्ये स्टार्टरपर्यंतची केबल लांब असते, त्यामुळे एक सैल जोडही पुरेसा घात करतो.

दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची आहे आणि ती फारच कमी जण करतात. गाडी लॉक करून तासभर तशीच ठेवावी, म्हणजे तिचे सगळे कंट्रोल युनिट झोपतात, आणि मग बॅटरीतून किती विद्युतप्रवाह वाहतो ते मोजावे. ५० मिलिॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह सर्वसाधारण मानला जातो. पण हिशेब करून पाहा: ५० मिलिॲम्पिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच, तीस दिवसांत ३६ एएच. याचा अर्थ निर्दोष गाडीतली ७० एएचची निर्दोष बॅटरीसुद्धा महिनाभर उभी राहिली, तर निम्मी रिकामी होते. आणि अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसून तिची क्षमता कायमची घटते. अशा गाडीला मोठी बॅटरी बसवून काही आठवड्यांची सवलत मिळते, एवढेच. माझ्या मते मोठ्या बॅटरीवर अधिक पैसे घालण्यापेक्षा, व्होल्टेज स्वतः सांभाळणारा चांगला मेंटेनर-चार्जर घेऊन तो गॅरेजमध्ये कायम जोडून ठेवणे केव्हाही शहाणपणाचे आहे.

बॅटरीवरच्या सीसीए (कोल्ड क्रँकिंग ॲम्पिअर) या आकड्याबद्दलही गैरसमज आहे. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात बॅटरी स्टार्टरला किती प्रवाह देऊ शकते, हे तो आकडा सांगतो. आणि अशी थंडी महाबळेश्वरलाही पडत नाही. गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नये, हे खरे. पण त्याहून कितीतरी मोठ्या आकड्यासाठी जादा रक्कम मोजण्याचे कारण आपल्याकडे नाही. सांगली-मिरजेच्या एप्रिल-मे महिन्यांतला उन्हाळा हा बॅटरीचा खरा शत्रू आहे, कारण तापमान वाढले की आतली झीज झपाट्याने वाढते.

बॅटरीचा प्रकार बदलताना विशेष सावध राहावे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांमध्ये बॅटरी डिकीत असते, १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-५ मध्येही ती तिथेच होती. म्हणून अशा ठिकाणी वायू बाहेर नेणाऱ्या नळीची सोय असलेली सीलबंद बॅटरीच लागते. ती नळी जोडायची विसरणे किंवा स्वस्त पडते म्हणून पाण्याची साधी बॅटरी तिथे बसवणे ही निव्वळ पैशाची चूक नाही, तो जिवाशी खेळ आहे. मूळ बॅटरी एजीएम असेल, तर नवीही एजीएमच घ्यावी. अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) रेग्युलेटर बिघडून जास्त व्होल्टेज देत असेल, तर तो आधी दुरुस्त करावा, कारण एजीएममधून उडून गेलेले पाणी परत भरता येत नाही.

माप मिलिमीटरमध्ये तपासावे. युरोपीय मापांतली एल३ बॅटरी २७८ मिलिमीटर लांब असते आणि एल४ ३१५. बॅटरी ठेवण्याचा ट्रे एल३ चा असेल, तर एल४ त्यात बसत नाही. उलट आखूड बॅटरी लाकडी ठोकळे लावून बसवली, तर घाटातल्या वळणावर ती सरकते. धन टर्मिनल कोणत्या बाजूला आहे, हेही जुन्या बॅटरीशी ताडून पाहावे.

वजन वाचवण्यासाठी लिथियमकडे वळणाऱ्यांनी घाई करू नये. पोर्शने २०१० मध्ये ९११ जीटी३ सारख्या गाड्यांना लिथियम-आयन स्टार्टर बॅटरीचा पर्याय दिला. तिचे वजन ६ किलोंपेक्षा कमी, म्हणजे साध्या बॅटरीपेक्षा सुमारे १० किलोंनी कमी होते. फायदा खरा आहे, पण चार्जर लिथियमसाठीचाच हवा, गाडीचे चार्जिंग व्होल्टेज त्या बॅटरीला मानवणारे हवे आणि क्षमता कमी असल्याने उभ्या गाडीत ती लवकर उतरते.

खरेदी करताना उत्पादनाचा महिना पाहावा, कित्येक महिने दुकानात पडून राहिलेली बॅटरी नाकारावी आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच जमा करावी.

बसवल्यानंतरचे काम मात्र गावातल्या अनेक वर्कशॉपमध्ये राहून जाते. बॅटरी सेन्सर असलेल्या गाड्यांमध्ये नव्या बॅटरीची क्षमता आणि प्रकार गाडीच्या संगणकात स्कॅनरने नोंदवावा लागतो, नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजूनच चार्ज करत राहते. त्यासाठी लागणारा स्कॅनर वर्कशॉपकडे आहे का, हे आधीच विचारावे. नसल्यास ते काम पुण्यातील सेवा केंद्रात करून घ्यावे. दाराच्या काचेला चौकट नसलेल्या गाड्यांत दार उघडताना काच किंचित खाली उतरते. बॅटरी काढल्यावर ती उतरत नाही, म्हणून तार सोडण्यापूर्वीच काचा थोड्या खाली घ्याव्यात आणि नंतर माहितीपुस्तिकेप्रमाणे त्यांची मर्यादा पुन्हा शिकवावी. बॅटरी पुढच्या डिकीत आणि झाकणाचे कुलूप विजेवर चालणारे असेल, तर उतरलेल्या बॅटरीसह झाकण उघडण्यासाठी बाहेरून वीज कोठे जोडायची, ती जागा गाडी व्यवस्थित सुरू असतानाच शोधून ठेवावी.