कोण कोणाचा जवळचा? वंशवृक्ष हाताने काढायची रीत

मगरीचं जवळचं नातं कोणाशी, सरड्याशी की कबुतराशी? मी प्राणिशास्त्र शिकवते आणि दरवर्षी या प्रश्नावर जवळपास सगळा वर्ग सरड्याच्या बाजूने उभा राहतो. कारणही ठरलेलं असतं: दोघांच्या अंगावर खवले, दोघं पोटाशी जमीन धरून चालतात, दिसायलाही तसेच. बरोबर उत्तर कबूतर आहे. ते नुसतं पाठ करून हाती काही लागत नाही. एकदा कागदावर स्वतः काढून बघितलंत, तर तीच रीत पुढे कुठल्याही जिवाला लावता येते.

आधी एक गोष्ट पक्की करा: साम्य आणि नातं या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन जिवांचा समाईक पूर्वज जितका अलीकडचा, तितकं त्यांचं नातं जवळचं. दिसण्याला इथे वेगळं महत्त्व नाही. मग साम्याचं करायचं काय? ते कुठून आलं हे विचारायचं. काही साम्यं फार जुनी असतात. मगर आणि सरडा दोघंही थंड रक्ताचे, पण बेडूक आणि बहुतेक मासेही तसेच, त्यामुळे त्या दोघांच्या खास नात्याबद्दल हा गुण काहीच सांगत नाही. काही साम्यं वेगवेगळ्या घरी स्वतंत्रपणे तयार झालेली असतात, जसे वटवाघळाचे आणि पक्ष्याचे पंख. उपयोगाचं साम्य एकच: एखाद्या पूर्वजात नव्याने आलेलं आणि फक्त त्याच्याच वंशजांत उतरलेलं. जर्मन कीटकतज्ज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये हा नियम नीट मांडला आणि वर्गीकरणाचा पायाच बदलला. माझ्या मते या विषयातला एवढा एक नियम समजला तरी निम्मं काम होतं.

आता कागद घ्या. प्राणी सहा: शार्क, बेडूक, मांजर, सरडा, मगर, कबूतर. यातला शार्क मुद्दाम घेतलाय. बाकीच्या पाचांचं नातं आपल्याला काढायचंय आणि शार्क त्यांच्या गटाबाहेरचा आहे, हे आधीपासून ठाऊक आहे. अशा बाहेरच्या सदस्याला बाह्यगट म्हणतात. एखादा गुण जुना की नवा, हे त्याच्याकडे बघून ठरतं. शार्कमध्ये जे आहे ते जुनं धरायचं, जे नाही ते नवं. बाह्यगट न घेता तक्ता सुरू करणारे विद्यार्थी नंतर हमखास अडकतात.

गुणांचा तक्ता करा. असेल तिथे १, नसेल तिथे ०. चार पायांचा सांगाडा: शार्क सोडून सगळ्यांना १ (कबुतराचे पंख हे पुढचे पायच). भ्रूणाभोवती पाण्याने भरलेली पातळ पिशवी: मांजर, सरडा, मगर, कबूतर. खवल्यांत किंवा पिसांत बीटा-केराटिन हे प्रथिन: सरडा, मगर, कबूतर. जठराचा जाड स्नायूंचा, गिळलेले खडे साठवणारा भाग: मगर आणि कबूतर. अंगावर केस: फक्त मांजर. हृदयाचे चार कप्पे: मांजर, मगर, कबूतर.

केसांची ओळ खोडून टाका. एकट्याकडे असलेला गुण त्याची ओळख सांगतो, नातं सांगत नाही.

उरलेल्या गुणांनी फांद्या जोडत जा. सर्वांत जास्त जणांत असलेला गुण मुळाजवळ, कमी जणांतला शेंड्याकडे. शार्क पहिल्याच फाट्यावर बाहेर पडतो, मग बेडूक. खड्यांच्या जठरामुळे मगर आणि कबूतर एका फाट्यावर येतात. इथवर सगळं सरळ आहे. अडचण पुढे आहे. बीटा-केराटिन म्हणतं सरडा या जोडीच्या शेजारी, चार कप्प्यांचं हृदय म्हणतं मांजर शेजारी. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

अशा वेळी दोन्ही झाडं काढा आणि प्रत्येकात किती बदल घडावे लागले ते मोजा. कमी बदल लागणारं झाड निवडायचं, असा नियम आहे. सरड्याच्या झाडात चार कप्पे दोनदा तयार व्हावे लागतात, मांजराच्या झाडात बीटा-केराटिनला दोन बदल लागतात. म्हणजे बरोबरी. इथे मुलं माझ्याकडे बघतात, आणि मी त्यांना हृदय पुन्हा उघडायला सांगते.

चार कप्पे हा शब्द तक्त्यात एकच आहे, पण आतली मांडणी बघा. भ्रूणात सुरुवातीला महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तनळीच्या, डाव्या-उजव्या अशा दोन्ही कमानी असतात. मांजराची महाधमनी डावीकडे वळते, म्हणजे डावी कमान टिकली. कबुतराची उजवीकडे वळते, उजवी टिकली. मगरीने दोन्ही राखल्या आणि त्या दोन नळ्यांना जोडणारं एक छोटं भोकही तिच्याकडे आहे. हृदयाचं मधलं पडदा-काम एकाच पूर्वजाकडून आलं असतं, तर त्यातून निघणाऱ्या मुख्य नळीची मांडणी इतकी वेगळी होण्याचं कारण दिसत नाही. तेवढ्याने खटला निकाली निघत नाही, पण संशयाला जागा नक्की होते. म्हणून आणखी एक गुण घ्या: कवटी. सरडा, मगर, पक्षी या वंशाच्या मूळ कवटीत डोळ्यामागे दोन छिद्रं होती. सरड्यात खालच्या छिद्राची कमान गळाली, पक्ष्यांत छिद्रं एकमेकांत मिसळली, पण जीवाश्मांतून मूळ आराखडा स्पष्ट दिसतो. सस्तनांच्या वंशात छिद्र एकच. हा गुण जोडला की सरड्याचं झाड एका बदलाने जिंकतं, आणि डीएनएचा कौलही तोच आहे.

हाताने हे काम सहा जिवांपर्यंत ठीक. शार्क सोडून उरलेल्या पाच जिवांची मुळासकट १०५ झाडं होतात, दहा जिवांची ३,४४,५९,४२५. पुढे संगणकच लागतो.

झाड काढून झालं की ते वाचायचीही रीत आहे, आणि बहुतेकांची गडबड इथेच होते. टोकांचा डावा-उजवा क्रम निरर्थक आहे. कुठलाही फाटा जागेवर फिरवला तरी झाड तेच राहतं. वाचायचे ते फाटे. दोन टोकांवरून बोट खाली आणा, ती जिथे भेटतात तो त्यांचा समाईक पूर्वज. टोकाला बसलेला कोणीही दुसऱ्या टोकाचा पूर्वज नसतो. त्यामुळे ‘माणूस चिंपांझीपासून झाला’ हे वाक्य झाडावर लिहिताच येत नाही. दोघांचा पूर्वज तिसराच कोणीतरी होता.

याच झाडावर जुनी नावं तपासा. फांदी एका जागी कापली की जे हाती येतं, तोच खरा गट. ‘सरीसृप’ म्हणून सरडा आणि मगर हातात घ्यायची असेल, तर कबूतर सोबत येणारच. पक्ष्यांना बाहेर ठेवून केलेला सरीसृप हा वर्ग त्यामुळे टिकत नाही. ‘मासे’ या नावाचीही तीच गत. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड परीक्षेसाठी जरूर पाठ करा, पण एका गटाचा ‘गण’ आणि दुसऱ्याचा ‘गण’ वयाने किंवा वैविध्याने सारखे असतात असं समजू नका.

डीएनएवर काम करायचं असेल तर जनुक कामाप्रमाणे निवडा. जीवाणूंसाठी १६एस आरआरएनए, प्राण्यांच्या जवळच्या जातींसाठी सीओआय, वनस्पतींसाठी आरबीसीएल. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणाच्या) आरएनएची तुलना करूनच आर्किया हा जीवाणूंहून वेगळा गट दाखवून दिला. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसत होते. डीएनएतल्या अक्षरांचे क्रम जेनबँक या सार्वजनिक संग्रहातून मोफत मिळतात, झाड काढणारं मेगा हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. क्रम एकाखाली एक नीट जुळवण्यात वेळ घालवा, ती जुळणी चुकली तर पुढचं झाड कितीही देखणं आलं तरी फुकट. फाट्यांवर बूटस्ट्रॅपचे आकडे येतात, म्हणजे त्या फाट्यावर शंभरपैकी किती भरवसा ठेवावा ते. ७० च्या खालच्या फाट्यावर मी काहीच उभारत नाही.

आणि एकाच जनुकावर निकाल लावू नका. जनुकाचं झाड आणि जातीचं झाड वेगळं असू शकतं. माणूस आणि चिंपांझी एकमेकांना सर्वांत जवळचे, हे नक्की. तरीही गोरिलाच्या जनुकसंचाच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला या दोघांपैकी एकाला जास्त जवळचा ठरतो. जीवाणूंत तर जनुकं शेजाऱ्याकडूनही येतात, तिथे फार जपून.

सरावाला तीन त्रिकुटं देते. सामन, फुप्फुसमासा, गाय: फुप्फुसमासा गायीला जवळचा. गुलाब, अळिंबी, माणूस: अळिंबी माणसाला जवळची, कवकांच्या पेशीभित्तिकेतलं कायटिन (कीटकांच्या कवचात असतं तेच) आणि साठवणीचं ग्लायकोजेन इथून सुरुवात करा. मुंगी, वाळवी, झुरळ: वाळवी झुरळांच्याच फांदीत येते. इथे वसाहत करून राहणं हा गुण घेतलात तर फसाल. त्याऐवजी लाकूड खाणाऱ्या क्रिप्टोसर्कस झुरळाच्या आतड्यातले एकपेशीय जीव आणि वाळवीच्या आतड्यातले जीव शेजारी ठेवून बघा.